मध्यम आकाराच्या शहरातील मॅरेथॉन : एकविसाव्या किलोमीटरनंतरचा रिकामा रस्ता

मंदगती

गेल्या रविवारी माझी पहिली पूर्ण मॅरेथॉन झाली. त्याआधी चार अर्धमॅरेथॉन धावून झाल्या होत्या, त्यामुळे अपरात्री उठणे, छातीवरच्या क्रमांकाच्या कापडाला, म्हणजे बिबला, चार पिना टोचणे, बॅग जमा करणे आणि शौचालयाच्या रांगेत उभे राहून दर मिनिटाला घड्याळ पाहणे, या सगळ्याची सवय होती. ज्याची सवय नव्हती, आणि ज्याबद्दल मला आधी कोणी सांगितलेही नव्हते, ती गोष्ट एकविसाव्या किलोमीटरला घडली. हा धागा मुख्यतः तिच्यासाठी काढत आहे.

शहर ना फार मोठे, ना लहान. अर्धमॅरेथॉनला काही हजार धावपटू होते आणि पूर्ण अंतराला आम्ही जेमतेम दोनशे. आमची सुरुवात पाच वाजता आणि अर्ध्या अंतराची साडेपाचला असल्याने सोळाव्या-सतराव्या किलोमीटरपासून त्यांच्यातले वेगवान लोक आम्हाला मागून येऊन मिळू लागले आणि विसाव्यापर्यंत रस्ता भरून गेला. दुतर्फा माणसे उभी होती, कोणी टाळ्या वाजवत होते, कोणी बिबवरचे नाव वाचून हाक मारत होते. मी ठरवलेल्या वेगापेक्षा किलोमीटरमागे पंधरा-वीस सेकंद पुढे आहे हे घड्याळ सांगत होते, पण इतके हलके वाटत होते की मी तिकडे काणाडोळा केला. मग फाटा आला. डावीकडे अर्ध्या अंतराची समाप्ती, कमान, ध्वनिक्षेपकावरचा निवेदक. उजवीकडे एक बाण, एक प्लॅस्टिकचा शंकू आणि पूल. माझ्या आसपासचे सगळे डावीकडे वळले. पूल चढून वर आलो तेव्हा निवेदकाचा आवाज अजून ऐकू येत होता, उतरताना तो अस्पष्ट झाला आणि खाली पोहोचल्यावर मला फक्त माझ्याच बुटांचा आवाज येत होता.

पुढे साधारण दीडशे मीटरवर पिवळ्या टी-शर्टातले एक गृहस्थ दिसत होते. चार किलोमीटर ते अंतर कमीही झाले नाही आणि वाढलेही नाही. सव्विसाव्या किलोमीटरला ते नाडी बांधायला थांबले, मी त्यांना गाठले, आणि तिथून एकतीसपर्यंत आम्ही एकमेकांशी अवाक्षर न बोलता शेजारी शेजारी धावलो. मग त्यांच्या पोटरीत गोळा आला. त्यांनी हाताने ‘पुढे जा’ अशी खूण केली आणि मी पुढे गेलो. त्या खुणेचे मला अजून वाईट वाटते.

चौतीसच्या टेबलावर पेले संपले होते. पेल्यांची रिकामी खोकी रस्त्याच्या कडेला रचून ठेवली होती आणि चौदा-पंधरा वर्षांचा एक मुलगा शेवटचा मोठा जार मांडीवर तिरका धरून येणाऱ्याच्या ओंजळीत पाणी ओतत होता. त्यातले अर्धे माझ्या बुटांत गेले. छत्तीसच्या पुढे एका वळणावर शंकू कोणीतरी बाजूला सरकवला होता आणि तिथे उभा असायला हवा तो स्वयंसेवक नव्हता. मी सरळ गेलो, समोरून वाहने येऊ लागली तेव्हा चूक कळली, आणि परत येईपर्यंत सहाएकशे मीटर जास्तीचे झाले. पहिला अर्धा भाग २ तास २१ मिनिटे, दुसरा २ तास ५३ मिनिटे, एकूण ५ तास १४ मिनिटे. मर्यादा सहा तासांची होती, त्यामुळे पदक मिळाले.

तक्रार करायची म्हणून लिहीत नाही. मला विचारायचे आहे ते असे : हा रिकामेपणा त्या एका आयोजनाचा दोष होता, की या आकाराच्या शहरांत हे असेच असते? ज्यांनी अशा अनेक स्पर्धा धावल्या आहेत ते दुसरा अर्धा भाग कसा निभावतात? आणि पहिली पूर्ण मॅरेथॉन अशा शहरात धावावी असे आपण कोणाला सुचवाल का?


दुसरी_फेरी

मंदगती, सर्वप्रथम अभिनंदन. फाट्याचे वर्णन वाचून माझ्या अंगावर काटा आला, कारण तो फाटा मी पाच वेगवेगळ्या शहरांत पाहिला आहे आणि प्रत्येक ठिकाणी तो थेट असाच होता. आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्यातच आले. मध्यम शहरात बहुतेक लोक अर्धे अंतर किंवा दहा किलोमीटर धावतात, पूर्ण अंतराला थोडे असतात, आणि ते थोडे लोक पाच-सहा तासांत बेचाळीस किलोमीटरवर पसरतात. दोनशे जणांना त्या अंतरावर सारखे पेरले तर दोघांमध्ये दोनशे मीटर येतात. आयोजक कितीही चांगले असले तरी हा भागाकार बदलत नाही.

मला वाटते की आपली चूक, जर तिला चूक म्हणायचेच असेल तर, फाट्यानंतर झाली नाही, फाट्याआधी झाली. किलोमीटरमागे पंधरा-वीस सेकंद पुढे असताना जे हलके वाटत होते ते आपले स्वतःचे नव्हते, ते आजूबाजूच्या अर्धमॅरेथॉनवाल्यांचे होते. त्यांची शर्यत तिथे संपत होती, म्हणून ते शेवटचा जोर लावत होते. आपली तिथे सुरूही झाली नव्हती. मी आता सोळाव्या किलोमीटरपासून जाणीवपूर्वक रस्त्याच्या कडेला येते आणि माझ्याजवळून जाणाऱ्यांचे बिब पाहते. त्यांच्या बिबचा रंग वेगळा असतो. तो रंग दिसला की त्या माणसाचा वेग माझ्या हिशेबात धरायचा नाही, असा नियम मी स्वतःला घालून घेतला आहे.

दुसरे म्हणजे सोबत पहिल्या दहा किलोमीटरमध्येच शोधावी. अंधारात सगळे एकत्र असतात तेव्हा माझ्याच रंगाच्या बिबचे कोणी माझ्या वेगाने धावताना दिसले की मी सरळ विचारते की आपण किती वेळेत संपवायचे ठरवले आहे. आजवर कोणीही उत्तर द्यायला नकार दिलेला नाही. फाट्याच्या पलीकडे ओळख करून घ्यायला श्वास शिल्लक नसतो. सरावातही शेवटचे दोन मोठे रविवार मी गटाबरोबर धावत नाही. तीस-बत्तीस किलोमीटर एकटीने, कानात गाणी नाहीत, आणि कंटाळवाणा रस्ता मुद्दाम निवडलेला. कंटाळ्याचाही सराव करावा लागतो, हे मला तिसऱ्या मॅरेथॉननंतर कळले.

एक गोष्ट स्त्री म्हणून लिहिते, कारण या विषयावर बोलताना ती सहसा राहून जाते. रिकामा रस्ता हा पुरुषाला एकाकी वाटतो. मला तो एकाकी वाटण्याआधी असुरक्षित वाटतो. सकाळचे आठ वाजलेले असले तरी शहराबाहेरच्या त्या पट्ट्यात गोदामांच्या भिंती आणि उभे ट्रक एवढेच असते. मी फोन बरोबर ठेवते, मार्गाचा नकाशा आदल्या दिवशी एकदा वाहनाने फिरून पाहते, आणि वाटेतली शौचालये नक्की कोणत्या किलोमीटरला आहेत हे आयोजकांना आधी लिहून विचारते. दोन ठिकाणी उत्तर आले नाही. तिथे मी नाव नोंदवले नाही.

१९८४ साली लॉस एंजेलिसला ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची मॅरेथॉन पहिल्यांदा झाली तेव्हा जोन बेनॉइट सुमारे पाचव्या किलोमीटरलाच सर्वांना मागे टाकून निघाली आणि उरलेले सगळे अंतर एकटी धावून २ तास २४ मिनिटे ५२ सेकंदांत जिंकली. तिचा वेग आपल्या कोणाच्या स्वप्नातही येणार नाही, पण रुंद मोकळ्या रस्त्यावर तिची एकटीची लहानशी आकृती ज्या चित्रीकरणात दिसते ते मी प्रत्येक स्पर्धेच्या आदल्या रात्री पाहते.


रविवारचा_धावक

मी त्या डावीकडे वळणाऱ्यांपैकी एक. आमच्यामुळे आपला वेग बिघडतो हा विचार आजवर कधी मनात आला नव्हता. उलट वेगळ्या रंगाचा बिब दिसला की मी ‘चला, चला, थोडेच राहिले’ असे ओरडत असे. ज्याचे निम्मे अंतर राहिले आहे त्याला ते कसे ऐकू येत असेल, हे आता लक्षात आले. क्षमस्व.


पाणपोई

चौतीसच्या टेबलाबद्दल मला बोलायलाच हवे. मी धावत नाही. आमच्या शहरातल्या मॅरेथॉनमध्ये तीन वर्षे पाण्याच्या टेबलांची जबाबदारी सांभाळली आहे, आणि मंदगती यांनी वर्णन केलेला जार मी स्वतः मांडीवर धरलेला आहे, म्हणून आतली बाजू सांगतो.

पाणी पहाटे साडेतीनच्या सुमारास छोट्या टेम्पोने पोहोचवले जाते. एकदा रस्ता वाहतुकीला बंद झाला की त्या टेबलापर्यंत दुसरी खेप नेणे फार अवघड होते, कारण आपलीच गाडी धावणाऱ्यांच्या अंगावर घालावी लागते. म्हणजे पहाटे जे उतरवले ते शेवटपर्यंत पुरवायचे. पहिल्या वर्षी आम्ही डोकी मोजली : दोनशे धावपटू, प्रत्येकी दोन पेले, वर थोडे जास्तीचे. सात वाजता येणारा माणूस खरोखर एक पेला घेतो, दोन घोट पितो आणि पुढे जातो. साडेनऊला येणारा माणूस थांबतो, दोन पेले पितो, एक डोक्यावर ओततो, एक मानेवर ओततो आणि जाताना एक हातात नेतो. त्याचे काहीच चुकत नाही, तोवर ऊन चढलेले असते. तरीही आम्ही त्या दोघांसाठी सारखाच हिशेब धरला होता आणि त्यामुळे ज्यांना पाण्याची गरज सर्वांत जास्त तेच लोक रिकाम्या टेबलापाशी आले. दुसऱ्या वर्षापासून तिसाव्या किलोमीटरच्या पुढच्या टेबलांना आम्ही दुपटीहून अधिक पाणी ठेवतो, आणि निम्मे पेले साडेआठपर्यंत खोक्यातून बाहेर काढतच नाही. टेबलावर मांडलेले दिसले की ते संपतातच.

शंकूच्या बाबतीत सांगायचे तर, वळणावरचा स्वयंसेवक चार वाजल्यापासून उभा असतो. पहिल्या दोन तासांत त्याच्यासमोरून माणसे जातात तेव्हा तो उत्साहात असतो. मग दर तीन मिनिटांनी एक माणूस, मग दर आठ मिनिटांनी एक. त्याला कोणी सांगितलेले नसते की शेवटचा माणूस केव्हा येणार, त्यामुळे पंधरा मिनिटे कोणी दिसले नाही की त्याला वाटते संपले. आम्ही आता सर्वांत मागे एक सायकलस्वार ठेवतो, त्याच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत ‘शेवट’ लिहिलेले असते आणि तो दिसेपर्यंत कोणी जागा सोडायची नाही असे ठरलेले आहे. हा उपाय सुचायला आम्हाला दोन वर्षे लागली याची लाज वाटते.

आता आमच्या बाजूची एकच तक्रार. पेला टेबलापासून शंभर मीटरवर नेऊन टाकणाऱ्यांनी एकदा परत येऊन तो शंभर मीटरचा पट्टा वेचून पाहावा.


उंबरठा

चर्चा छान चालली आहे, पण माझ्या मते सगळा दोष रिकाम्या रस्त्यावर ढकलला जात आहे. मंदगती, आपण शर्यतीत काय आणि किती खाल्ले ते लिहिलेले नाही. मी व्यवसायाने डॉक्टर आहे आणि पाच तास चौदा मिनिटे हा आकडा पाहिल्यावर मला आधी तोच प्रश्न पडला.


मंदगती

साखरेच्या दाट पाकाची छोटी पाकिटे, म्हणजे जेल, त्यातली दोन घेतली. तिसरे चोविसाव्या किलोमीटरला खिशातून काढताना हातातून पडले. वाकून उचलावे असे वाटले, पण वाकलो तर पुन्हा सरळ होता येईल की नाही अशी शंका आल्याने तसाच पुढे गेलो. चौथे मी घेतलेच नव्हते.


उंबरठा

मग कोडे बरेचसे सुटले. स्नायूंत आणि यकृतात मिळून ग्लायकोजेनचा जो साठा असतो तो ढोबळमानाने चारशे ते पाचशे ग्रॅम, म्हणजे दोन हजार किलोकॅलरींच्या आसपास. धावताना दर किलोमीटरला शरीराच्या दर किलो वजनामागे सुमारे एक किलोकॅलरी खर्च होते. पासष्ट किलोच्या माणसाला बेचाळीस किलोमीटरसाठी सत्तावीसशेच्या आसपास लागतात. चरबीतून ऊर्जा मिळते, पण ती सावकाश मिळते, आणि वेग जितका जास्त तितका ग्लायकोजेनचा वाटा मोठा. त्यामुळे सुरुवातीला किलोमीटरमागे वीस सेकंद घाई केली की साठा अपेक्षेपेक्षा आधी तळाला जातो. तीस ते पस्तीसच्या दरम्यान धावपटूंना जी ‘भिंत’ आडवी येते तिचे मुख्य कारण हे आहे. तिथे पाय जड होतात, आणि मेंदूलाही साखरेचीच गरज असल्याने मनही खचते. एकटेपणाचे दुःख बत्तिसाव्या किलोमीटरला अचानक तीव्र होते त्यात रक्तातल्या साखरेचा हात किती आणि रिकाम्या रस्त्याचा किती, हे धावणाऱ्याला आतून कळू शकत नाही.

एवढ्या लांब शर्यतीत सर्वसाधारणपणे ताशी ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके घ्यावीत असे सांगितले जाते. पाच तासांना दीडशे ते तीनशे ग्रॅम होतात. एका जेलमध्ये साधारण वीस ते पंचवीस ग्रॅम असतात. आपण घेतली दोन. अर्थात पुढच्या वेळी एकदम दहा जेल घेऊ नयेत, नाहीतर पोट वेगळीच शर्यत सुरू करेल. लांब सरावात हळूहळू वाढवत पोटालाही सवय लावावी लागते.

आणि पाणपोई यांचे लिखाण वाचून कोणी प्रत्येक टेबलावर पोटभर पाणी पिण्याचा निश्चय करू नये. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये समाप्तीला ४८८ धावपटूंच्या रक्ताची तपासणी झाली आणि त्यांपैकी १३ टक्के लोकांत सोडियमचे प्रमाण धोक्याच्या रेषेखाली आढळले. शर्यतीत ज्यांचे वजन कमी होण्याऐवजी वाढले होते, म्हणजे ज्यांनी घाम गेला त्याहून जास्त पाणी प्यायले होते, आणि ज्यांना चार तासांहून अधिक वेळ लागला होता, त्यांच्यात हे प्रमाण जास्त होते. संथ धावणाऱ्याला टेबले तेवढीच लागतात, पण दोन टेबलांमध्ये वेळ भरपूर मिळतो, हे त्यामागचे साधे कारण. तहान लागेल तसे प्यावे. डोके दुखू लागले, मळमळू लागले, बोटांतली अंगठी घट्ट झाली, तर आणखी पाणी पिऊ नये आणि वैद्यकीय तंबू गाठावा.


दुसरी_फेरी

उंबरठा, साखरेचे पटले, पण पूर्ण नाही. माझी सहावी मॅरेथॉन मोठ्या शहरात होती, तिथे माझ्याकडून खाण्याचा असाच घोळ झाला होता आणि पस्तीसला मी कोसळायच्या बेतात होते. परंतु दोन्ही बाजूंना माणसांची भिंत होती आणि चालायची लाज वाटली म्हणून मी धावत राहिले. रिकाम्या रस्त्यावर चालायला कोणाची लाज वाटायची? तिथे एकदा चालायला सुरुवात केली की पुन्हा धावायला लावणारे कोणी नसते. माझ्या मते दोन्ही कारणे एकमेकांना धरून चालतात.


उंबरठा

मान्य आहे. लाज हे पोषक द्रव्य आमच्या पुस्तकांत नाही.


मोजपट्टी

विषयाला धरूनच, पण थोडे वेगळे. दर वर्षी स्पर्धेनंतर ‘माझ्या घड्याळात बेचाळीस आठशे भरले, आयोजकांनी मार्ग लांब आखला’ अशी ओरड होते. मंदगती यांचे सहाशे मीटर खरेच जास्तीचे आहेत, पण बाकीच्यांसाठी लिहितो. मी मार्ग मोजणाऱ्या एका गटाबरोबर दोनदा काम केले आहे.

प्रमाणित मार्ग सायकलने मोजतात. पुढच्या चाकाला फेऱ्या मोजणारे छोटे यंत्र बसवलेले असते आणि मोजणीआधी व नंतर ती सायकल फीत लावून आखलेल्या सरळ पट्ट्यावर चालवून तपासली जाते, कारण सकाळ ते दुपार तापमान बदलले की टायरमधली हवाही बदलते. मोजायचा असतो तो सर्वांत जवळचा शक्य मार्ग, म्हणजे प्रत्येक वळणाला आतल्या कडेपासून तीस सेंटिमीटरवरून. शिवाय मार्ग चुकूनही कमी भरू नये म्हणून दर किलोमीटरला एक मीटर मुद्दाम वाढवतात. पूर्ण अंतरात ते बेचाळीस मीटर होतात. तुम्ही वळण बाहेरून घेतले, पाण्यासाठी रस्ता ओलांडला, खड्डा चुकवला, तर तो सगळा फरक तुमच्या घड्याळात दिसतो. त्यात उपग्रहावरून मोजणारे घड्याळ उंच इमारतींजवळ आणि पुलाखाली आपल्या मनाने थोडी भर घालते ती वेगळीच.

रिकाम्या रस्त्याचा हा एक फायदा आहे. गर्दीत आतली कड सापडत नाही, इथे ती पूर्ण तुमची असते. मात्र रस्ता वाहतुकीला खुला झाला असेल तर कृपया सेकंदांसाठी वळणाची आतली कड धरू नये.

आणि ४२.१९५ किलोमीटर हा विचित्र आकडा का, असे दर वेळी कोणीतरी विचारतेच, म्हणून आधीच सांगतो. हे अंतर १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमधले आहे आणि १९२१ मध्ये तेच प्रमाण म्हणून स्वीकारले गेले. त्याआधी मॅरेथॉन सुमारे चाळीस किलोमीटरची, पण जागोजागी वेगवेगळ्या लांबीची असे.


टाचदुखी

सगळे संपवणाऱ्यांचे अनुभव वाचले, एक न संपवणाऱ्याचाही घ्यावा. मी गेल्या वर्षी अशाच एका शहरात तिसाव्या किलोमीटरला थांबलो. टाच पंधराव्यापासून बोलत होती, पंचविसाव्याला ओरडू लागली, आणि तिसाव्याला टेबलाशी बसलो तो उठलोच नाही.

मागून बस येते हे ऐकून होतो. ती आली तेव्हा आत पाच जण होते. कोणी कोणाकडे पाहत नव्हते. खिडकीशी बसलेल्या बाईंनी बूट काढून मांडीवर घेतले होते आणि त्या एका मोज्याचे टोक, जिथे रक्ताचा डाग होता, अंगठ्याने घासत होत्या. बस धावणाऱ्यांच्या मागून माणसाच्या चालीने चालते, त्यामुळे जे अंतर आम्हाला धावता आले नाही ते सगळे आम्हाला खिडकीतून सावकाश पाहावे लागले. आमच्या पुढे एक वयस्कर गृहस्थ चालत होते. चालकाने दोनदा दार उघडून विचारले, दोन्ही वेळा त्यांनी मान हलवली. मर्यादेला चार मिनिटे असताना ते कमानीखालून गेले आणि बसमध्ये तोवर एक शब्दही न बोललेले आम्ही सहा जण एकदम ओरडलो.

मला सांगायचे ते असे की मध्यम शहरातला शेवटचा धावपटू कोण आहे हे बसमधल्यांना, सायकलवाल्याला आणि रुग्णवाहिकेला नेमके ठाऊक असते. मोठ्या स्पर्धेत मी त्याच अवस्थेत पदपथावर बसलो होतो तेव्हा शेकडो लोक बाजूने गेले आणि कोणाच्या लक्षातही आले नाही. टाच आता बरी आहे. भौतिकोपचार सहा महिने चालले.


पुढचा_एकटा

पुढच्या टोकालाही हेच असते, एवढे सांगून जातो. अशा स्पर्धांत मी सहसा पहिल्या दहांत असतो आणि दहाव्या किलोमीटरपासून शेवटपर्यंत एकटा असतो. माझ्या वेगाचा दुसरा माणूस चार मिनिटे पुढे किंवा तीन मिनिटे मागे. वाऱ्याला आडोसा नाही. २०१९ मध्ये व्हिएन्नात केनियाच्या एलियुड किपचोगेने मॅरेथॉनच्या अंतराला १ तास ५९ मिनिटे ४० सेकंद ही वेळ दिली तेव्हा त्याच्याभोवती आळीपाळीने धावणारे ४१ पेसर, म्हणजे ठरलेला वेग राखून सोबत धावणारे, होते, आणि ताज्या दमाचे पेसर असे आतबाहेर करणे स्पर्धेच्या नियमांत बसत नसल्यामुळे, इतर कारणांबरोबर, तो विक्रम धरला गेला नाही. सोबतीची किंमत किती असते याचा याहून वेगळा पुरावा मला नको.

मी एकटेपणावर एकच उपाय करतो. दुसऱ्या अर्ध्या भागासाठी हातात थोडे राखून ठेवतो. केल्व्हिन किप्टमने २०२३ मध्ये शिकागोला २:००:३५ चा तेव्हाचा जागतिक विक्रम केला तेव्हा त्याचा पहिला अर्धा भाग ६० मिनिटे ४८ सेकंदांचा आणि दुसरा ५९ मिनिटे ४७ सेकंदांचा होता. मागून येऊन एकेकाला ओलांडत जायला रस्ता रिकामा असला तरी माणसे मिळतात. आपण स्वतः ओलांडले जात असलो की मात्र ती भेटून लगेच निघून जातात.


रविवारचा_धावक

मग पहिली पूर्ण मॅरेथॉन कुठे धावावी? मूळ प्रश्न बाजूला राहिला. मी पुढच्या हंगामात विचार करत आहे.


दुसरी_फेरी

माझे उत्तर कदाचित विसंगत वाटेल, पण मध्यम शहरातच धावावी, मात्र मार्ग पाहून. मोठ्या स्पर्धेत आरंभरेषेपर्यंत पोहोचायला दीड-दोन तास आधी जाऊन थंडीत कुडकुडावे लागते, बंदूक वाजल्यावर आरंभरेषेवरच्या वेळ नोंदवणाऱ्या चटईवर पाय पडेपर्यंत कधी कधी वीस मिनिटे जातात आणि पहिले तीन किलोमीटर लोकांना चुकवत नागमोडी धावावे लागते. मध्यम शहरात मी अर्धा तास आधी पोहोचते, माझ्या गन टाइममध्ये (बंदुकीपासून मोजलेली वेळ) आणि चिप टाइममध्ये (चटईपासून मोजलेली वेळ) जेमतेम अर्ध्या मिनिटाचा फरक असतो आणि पहिल्या पावलापासून माझ्या वेगाने धावता येते. शिवाय घरच्यांना मी एकाच सकाळी तीन ठिकाणी दिसू शकते. माझा मुलगा एकदा अडतिसाव्या किलोमीटरला रस्त्याकडेच्या दगडावर बसला होता. मैलभर कोणीच नव्हते, त्यामुळे तो मला आणि मी त्याला खूप लांबून दिसलो. ते अंतर मी कशी धावले हे मला आठवत नाही.

मार्ग निवडताना इतकेच पाहावे की पूर्ण अंतरासाठी एकच फेरी आहे की दोन. दोन फेऱ्यांच्या मार्गावर मध्यावर समाप्तीची कमान दिसते आणि तिच्याजवळून पुढे जावे लागते हे मान्य, पण दुसऱ्या फेरीत टेबले, वळणे, चढ सगळे ओळखीचे असते आणि मागचे-पुढचे लोक समोरून येताना दिसतात. एका लांब फेरीच्या मार्गावर शहराबाहेरचा तो ओसाड पट्टा हमखास येतो. कंटाळा की ओसाडी, एवढीच निवड असेल तर पहिल्या वेळी कंटाळा घ्यावा.


पाणपोई

सहमत. आयोजक म्हणूनही दोन फेऱ्या सोप्या पडतात, कारण निम्म्याच टेबलांत काम भागते आणि प्रत्येक टेबलावर माणसे दुप्पट ठेवता येतात.


मंदगती

सर्वांचे मनापासून आभार. अनेक गोष्टी पहिल्यांदाच कळल्या. विशेषतः बिबच्या रंगाची युक्ती इतकी सोपी आहे की मला ती का सुचली नाही याचे आश्चर्य वाटते.

या आठवड्यात मी आयोजकांना पत्र लिहिले. त्यात पाणपोई यांचा मागच्या सायकलस्वाराचा उपाय त्यांचे नाव न घेता सुचवला आणि छत्तीसच्या वळणाचा नकाशा जोडला. चार दिवसांनी उत्तर आले. वळणावर शंकूऐवजी कठडा ठेवू, पाण्याचे नियोजन बदलू, आणि पूर्ण अंतराला आजवर पेसर नव्हते ते पुढच्या वर्षी देण्याचा विचार आहे, असे त्यांनी लिहिले आहे. पेसर म्हणून येऊ शकतील अशा अनुभवी धावपटूंची नावे त्यांनी माझ्याकडेच मागितली आहेत, आणि मला तर एकही ठाऊक नाही.

आणखी एक. काल निकालांच्या यादीत शोधून पाहिले. पिवळ्या टी-शर्टातल्या गृहस्थांचा बिब क्रमांक माझ्या लक्षात होता, कारण त्यात माझ्या बिबचेच आकडे उलट क्रमाने होते. त्यांची वेळ ५ तास ४९ मिनिटे आहे. म्हणजे ते पोहोचले.


दुसरी_फेरी

पाच तासांची पेसर म्हणून माझे नाव कळवा. पेसरच्या हातातला वेळ लिहिलेला झेंडा मात्र हलका द्यायला सांगा, मागच्या वेळी बांबूची काठी दिली होती.


टाचदुखी

पाच तासांच्या त्या झेंड्यामागे एक जागा माझी धरावी.